तीन नंबरचा उंबरठा

हाळूर तळ्यावर राहायला जागा तीनच. बेंगळुराकडून येताना हेसरघट्ट मागं टाकलं की आधी रिसॉर्ट लागतं. ते तुम्हाला तळं दाखवतात आणि आंघोळीला टँकरचं पाणी देतात. देवळामागं धर्मशाळा आहे, तिथं ढेकूण आहेत. तिसरं आमचं घर. खोल्या चार, त्यातल्या तीन आम्ही देतो. तीन नंबरला कुलूप आहे.

आज तुम्ही पोरं सांगितलं त्यापेक्षा जास्त आलात, म्हणून ती खोली मागताय. मिळणार नाही. व्हरांड्यात गाद्या टाकून देते, डासांची उदबत्ती लावते, पांघरूण जास्तीचं देते, पण ती खोली नाही. आणि तिकडं बोट दाखवून हसू नका. तिच्या दाराला उंबरठा नाही हे तुम्हालाच दिसलं असं नाही, सगळ्यांना दिसतं. का नाही ते सांगते. जेवणं झाली, ताटं उचलली, दार लावून घेतलं. बसा. मधे बोललेलं मला चालत नाही.

हे घडलं माझ्या नणंदेच्या बाबतीत. माझे मालक दयानंद, त्यांची ही थोरली बहीण भाग्यलक्ष्मी. सगळे भाग्यक्का म्हणतात. तिकडं बेंगळुरात, जे. पी. नगरला राहते. तोंडानं फटकळ, मनानं साफ. तिचं माझं भांडण माझ्या लग्नाच्या दिवसापासूनचं आहे. आमच्यात चाल आहे, नवरी पहिल्यांदा सासरी आली की नवऱ्याची बहीण दार अडवते. चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहते आणि विचारते, तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील? नवरीनं देते म्हटल्याशिवाय आत सोडायचं नाही. म्हटलं, की उंबरठ्यावरचं तांदळाचं माप पायानं आत लवंडायचं आणि घरात पाऊल टाकायचं. मला अडवलं तेव्हा तिचा हर्ष तिच्या कडेवर होता, नाक गळत होतं त्याचं. मी म्हटलं, देते. आणि मला मुलगी झालीच नाही. दोन्ही मुलगे.

"चंपे, तू मला दारात फसवलंस," ती अजून म्हणते.

"मग मी आत आले तेव्हाच परत पाठवायचं होतंस," मी म्हणते.

वरून मस्करी. आतून दुखणं. हर्ष अठ्ठावीसचा झाला तरी लग्न जमत नव्हतं. संध्याकाळी तुमच्या गाड्या ज्यानं लावून घेतल्या तो हर्ष. पीण्यात कारखान्यात लेथवर काम करतो, सुट्टीला मामाकडं येतो. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही त्याला. पण मुलीकडचे विचारायचे, ऑफिस बेळ्ळंदूरला का, कॉम्प्युटरचं? पीण्या म्हटलं की चहा अर्धा ठेवून उठायचे. भाग्यक्काच्या बिल्डिंगमध्ये सारखं कुणाचं तरी बारसं. बारशाच्या घुगऱ्या वाटीतून दारात आल्या की ती खायची आणि मला फोन लावायची. "लोकांच्या घुगऱ्या चावून दात पडायला आले गं. माझ्या दारातून वाटी कधी निघायची?"

ही झाली एक गोष्ट. आता उंबरठ्याची.

दोन हजार चोवीसचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. बेंगळुरात नळाला पाणी नव्हतं, माणसं टँकरमागं धावत होती. आमचं तळं पार आटलं. तळाशी जुनी वस्ती उघडी पडली. घरांची जोती, फुटके रांजण, एक विहीर, दळायची जाती. हाळूर म्हणजेच उजाड गाव. शहरातून माणसं फोटो काढायला यायला लागली. तेव्हा आमच्या तीन नंबरच्या खोलीचं बांधकाम चाललेलं. मालकांनी काय करावं, ट्रॅक्टर घेऊन तळ्यात उतरले आणि एका घराचा दगडी उंबरठा उपटून आणला. मधोमध कमळ कोरलेला. म्हणाले, पाहुण्यांना जुनं आवडतं, चंपा.

आमचे नागराजण्णा इथले नीरगंटी. म्हणजे तळ्याचं पाणी शेतांना सोडणारे. बापजाद्यांपासून हेच काम. ते कुंपणापर्यंत आले, आत आले नाहीत.

"जाती न्या. दगड न्या," म्हणाले. "होस्तिलु बेडा."

उंबरठा नको.

"दगडच की अण्णा तो," मालक हसले.

"त्या दारात एक बाई यायची राहिली आहे."

आणि त्यांनी कुंपणाबाहेर उभ्यानंच सांगितलं. त्यांच्या आजाच्या वेळची हकीकत. तळ्याचा बांध उंच करायचं काम चाललं होतं, वस्ती वरच्या माळावर हलत होती. त्या गडबडीत एका घरी लग्न निघालं. नवरी तळ्यापलीकडच्या गावची. रात्री वरात निघाली. नवरा चार माणसं घेऊन पुढं गेला, नवरीची बैलगाडी मागं राहिली. पाऊस लागला. गाडीवानाला घर माहीत होतं ते जुनं. माळावर नव्या घरात सगळे दिवे लावून बसलेले, नणंद दार अडवून उभी... आणि गाडी गेली खाली. जुन्या दारात. तिथं दिवा नाही, माणूस नाही. नवरी उतरून दारापुढं उभी राहिली. गाडीवान विचारायला वर पळाला. तेवढ्यात वरच्या अंगाचं तळं फुटलं.

बैल सापडले. ती नाही.

"मेलेलं माणूस जातं," नागराजण्णा म्हणाले. "ती नाही गेली. दारात उभी आहे. अडवायला कुणी आलंच नाही ना. अडवल्याशिवाय आत कशी जाईल?"

मी मालकांना म्हटलं, दगड परत टाका. म्हटलं, नाहीतर चूल पेटवत नाही. दोन दिवस त्यांना हॉटेलातली इडली खायला लावली. काही उपयोग झाला नाही. उंबरठा बसला. मग पावसाळा आला, तळं काठोकाठ भरलं, पाहुणे आले, गेले. काही झालं नाही. मीही सकाळी दारं पुसताना त्याला हळदकुंकू लावायला लागले. बाईमाणसाचा हात, उंबरठा दिसला की जातो.

आता ती रात्र. शनिवार, १९ ऑक्टोबर. दसरा होऊन आठवडा झाला होता. सकाळी मालकांचा हुकूम, हर्षला दोड्डबळ्ळापूरला पाठव. पितळेचं माप, शेवंतीच्या माळा, नवं सूप आणायचं. का, तर पुण्याकडचं एक जोडपं येणार होतं. मल्हार आणि स्वानंदी. दोघं बेळ्ळंदूरला कॉम्प्युटरवर. रजिस्टर लग्न केलेलं, मुलाची आई रुसून बसलेली. स्वानंदी फोनवर मालकांना म्हणाली होती, "काका, आमचा गृहप्रवेश वगैरे काहीच झाला नाही हो." झालं. मालकांना तेवढंच पाहिजे होतं. तीन नंबरमध्ये करू म्हणाले, फोटो चांगले येतील.

भाग्यक्का त्या दिवशी इथंच होती. ती कशाला मागं राहते. "दार मी अडवणार. तुझ्या वेळी चुकलं, आता नीट विचारते."

"त्यांची मुलगी होऊन मोठी होईपर्यंत हर्षचे केस पिकतील," मी म्हटलं.

"पिकू देत. घोड्यावर बसेल ना."

हर्ष लाजून गाडी धुवायला गेला.

जोडपं यायचं होतं संध्याकाळी. बेळ्ळंदूरहून निघालेली माणसं, रस्त्यातच अंधार झाला. वर पाऊस. सारखा फोन, काकू हेब्बाळला अडकलोय, काकू आता यलहंका. नऊ वाजून गेले. मग लाईट गेली. मग मल्हारचा फोन, गाडी बांधाच्या वळणावर चिखलात रुतली. मालक आणि हर्ष बॅटरी घेऊन धावले.

घरात आम्ही दोघीच राहिलो.

मी मागं स्वयंपाकघरात आरतीचं ताट करत होते. भाग्यक्का तीन नंबरमध्ये समई लावून बसली. स्वयंपाकघरातून तो व्हरांडा दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. पाऊस पत्र्यावर पडत होता. मग तो थांबला. हळूहळू नाही. एकदम.

बेडूकही थांबले.

मी ताम्हनात कुंकू कालवत होते. तेव्हा बांगड्या वाजल्या. पायरीवर. एक पायरी... दुसरी. मनात म्हटलं, आली पोरगी. गाडी निघाली असेल. पण गाडीचा आवाज आला नव्हता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

भाग्यक्का हसलेली ऐकू आली.

"थांब थांब. अशी नाही सोडायची आत. आधी सांग, तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील?"

शांत.

"लाजतेस काय. सांग की. देशील ना?"

समईत वात तडतडली तीही मला ऐकू आली, इतकं शांत.

मग आवाज आला. बारीक. घसा बसल्यासारखा. पुष्कळ दिवस कुणाशी बोललं नाही की होतो तसा.

"कोड्तीनी."

देते. कन्नडमधून.

आणि माप लवंडलं. पितळ फरशीवर घरंगळत गेलं, तांदूळ सांडले.

माझा हात ताम्हनातच राहिला. पुण्याची पोरगी. बेंगळुरात येऊन वर्ष झालं नव्हतं. फोनवर स्वल्प ॲडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या, एवढंच म्हणून दाखवत होती. हिला हे कुणी शिकवलं... म्हटलं असेल, शिकली असेल. आरतीचं ताट उचललं आणि पुढं गेले.

व्हरांड्यात कुणी नव्हतं.

भाग्यक्का उंबरठ्याच्या आत उभी होती. चेहरा असा फुललेला, इतक्या वर्षांत मी तसा पाहिला नव्हता.

"उशीर केलास बघ. गेली आत. गुणाची आहे गं, मान म्हणून वर केली नाही. साडी सगळी भिजली बिचारीची. म्हटलं बाथरूममध्ये जाऊन बदल आधी."

"नवरा कुठाय तिचा?"

"असेल मागं."

तेवढ्यात बांधाकडून हॉर्न वाजला. गाडीचे दिवे फाटकातून आत आले. मालक आले, हर्ष आला, मागून छत्री घेऊन एक उंच मुलगा. आणि त्याच्याबरोबर जीन्स घातलेली, गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली एक मुलगी.

"सॉरी काकू, फार उशीर झाला. आत्ताच निघाली गाडी. मी स्वानंदी."

भाग्यक्कानं तिच्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग सावकाश मान वळवून... मागं. बाथरूमच्या बंद दाराकडं.



मीच पुढं झाले. घरात भित्री माणसं असली की एकीला तरी पुढं व्हावं लागतं. बाथरूमचं दार ढकललं. आत अंधार. बॅटरी मारली. बादली पालथी. फरशी कोरडी. कुणी नाही. फक्त वास होता. गाळाचा. उन्हाळ्यात तळं आटलं तेव्हा येत होता तसा.

खाली समईच्या उजेडात तांदूळ पसरलेले. सगळे आतल्या बाजूला.

पोरांना आम्ही एक नंबरची खोली दिली. मांजरानं माप पाडलं म्हणून सांगितलं. फोटो राहिले म्हणून पोरगी जरा हिरमुसली. भाग्यक्का रात्रभर माझ्या अंथरुणात माझा हात धरून पडली होती. पहाटेकडं एकदाच बोलली.

"चंपे, मी तिला आत ये म्हटलं गं."

उजाडल्यावर मालकांनी स्वतः पहार मारून उंबरठा उपटला. टेम्पोत घालून बांधावर नेला. नागराजण्णांना बोलावलं. हर्षला पाहुण्यांपाशी ठेवून आम्ही सगळ्यांनी तो दगड पाण्यात लोटला, खोल होतं तिथं. मी नारळ फोडला.

"काय विचारलं तिला?" नागराजण्णांनी भाग्यक्काला विचारलं.

तिनं सांगितलं.

"आणि ती?"

"देते म्हणाली."

म्हातारा बांधावर खाली बसला. पाण्याकडं बघत राहिला.

"दगड परत दिलात," म्हणाला. "बाई कुठं परत दिलीत?"

"अण्णा, पण ती तर नवरी होती," भाग्यक्का म्हणाली. "दारातूनच गेलेली. तिला मुलगी कुठून..."

ते उठले, धोतर झटकलं आणि बांधावरून चालायला लागले.

त्या दिवसापासून तीन नंबरला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडं. कमरेला.

त्यानंतर हर्षचं जमलं. खरं सांगते, जमलं. मुलगी दिव्यश्री, तुमकूरची, दवाखान्यात नर्स. पीण्या ऐकून तिची आई सुचेताबाई उठली नाही, उलट म्हणाली, हाताला काम आहे ना, मग झालं. साखरपुडा झाला, साड्या दिल्या घेतल्या. भाग्यक्का इतकी खूश, की माझ्याशी आठवडाभर भांडली नाही. मला वाटलं सुटलो.

शिमग्याच्या सुमाराला सुचेताबाई जे. पी. नगरला आल्या. मी तेव्हा तिथंच होते, पापड करायला गेले होते. त्या बसल्या नाहीत. साडी आणि नारळ टेबलावर ठेवला.

"आधीच सांगायचं होतंत," म्हणाल्या. "मुलगा दिलेला आहे म्हणून."

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तुमच्याच घरची बाई येऊन सांगून गेली. दयानंदांच्या घरातली म्हणाली. कन्नडच बोलत होती."

दयानंदांच्या घरातली बाई मी. आणि मी तर इथं त्यांच्यासमोर उभी होते.

"कशी होती दिसायला?" भाग्यक्कानं विचारलं. तिचे हात पिठाचे होते. ते तसेच वर धरलेले.

"तोंड कुठं दिसलं. मान वर केली नाही तिनं." सुचेताबाई दाराकडं वळल्या. "पोटुशी होती. उन्हातून आलीस, बस म्हटलं. नाही बसली. दारातच उभी. म्हणाली, मला आत बोलावू नका... मला घर आहे."

भाग्यक्का मटकन खाली बसली. पापडावर.

हर्षला आम्ही काही सांगितलं नाही. त्याला आजही माहीत नाही. मुलीकडचे फिरले एवढंच सांगितलं. तो म्हणाला, जाऊ दे मामी, आणि कामावर गेला.

मी रोज रात्री कुलूप ओढून बघायला लागले. आत काही नाही. कान लावला तरी काही नाही. नुसता वास. कधी असायचा, कधी नसायचा.

मागच्या वर्षीचा श्रावण. नागपंचमी होऊन दोन दिवस झालेले. ऑक्टोबरपासून श्रावण, किती महिने ते तुम्हीच धरा. पाहुणे कुणी नव्हते. हर्षला कारखान्यात सुट्टी होती, तो आदल्या रात्री आलेला. मी पहाटे उठले, चुलीवर पाणी ठेवलं, अंगण झाडायला बाहेर आले.

तो तीन नंबरच्या दारापुढं बसला होता. जिथं उंबरठा होता तिथंच, पाय बाहेर सोडून. हातात पळसाच्या पानाचा द्रोण. काहीतरी खात होता.

"मामी, कुणाचं बारसं गं?" म्हणाला. "कुणी ठेवून गेलंय बघ. गरम आहेत अजून."

घुगऱ्या होत्या. हरभऱ्याच्या. वाफ निघत होती. आसपास दोन मैलांत त्या वर्षी कुणाच्या घरी तान्हं मूल नव्हतं.

"थुंक," मी म्हटलं.

"काय?"

"हर्ष, थुंक ते."

"अगं, गिळलं की. किती खाल्ल्या मी. काय झालं?"

मी त्याच्या हातातून द्रोण ओढून घेतला. दारावर कुलूप तसंच होतं. किल्ली माझ्या कमरेला. द्रोण अंगणात पालथा केला.

घुगऱ्या सांडल्या. त्यांच्याखाली दोन बांगड्या होत्या. काळ्या काचेच्या. तान्ह्या मुलीच्या मनगटाला घालतात त्या. ओल्या. गाळानं भरलेल्या.